वाट पाहू नको म्हणणारं गाणं

वाशीमच्या कॉलेजला जाणारी आमची एसटी कनेरगाव नाक्यावर पंक्चर झाली, म्हणून ओमप्रकाश मला भेटला. सत्त्याण्णवचा मार्च. डोकं तापवणारं ऊन... मी समोरच्या टेप-दुरुस्तीच्या दुकानाच्या सावलीत जाऊन उभी राहिले. आत एक जुनं इंग्रजी रॉक गाणं लागलं होतं. गिटार नुसती टाहो फोडत होती आणि दुकानवाला पोरगा डोळे मिटून मान डोलावत होता.

"समजतं का काही?" मला राहवलं नाही.

त्यानं दचकून डोळे उघडले. "शब्द न्हाई समजत. पण पिरमाचं हाय, एवढं समजतं."

"मुळीच न्हाई! मी बी.ए.ला इंग्रजी घेतलंय. तो तिला म्हणतो — मी चाललो, माझी वाट पाहू नको."

"असं?" तो गालात हसला. "मंग आवाज काहून भरून येऊन राहिला त्याचा?"

तेवढ्यात कंडक्टरनं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊनच नाक्यावर उतरले. मग रोज एक एसटी सोडायची, एक ओळ उतरवायची. तो टेप मागं घ्यायचा, मी डिक्शनरी चाळायची. कधी दोघांची बोटं एकदमच बटणावर पडायची... आणि मग आम्ही उगाच मोठमोठ्यानं भांडायचो.

"जाणारा माणूस गुमान जातो," तो म्हणायचा. "हा दर कडव्यात दारात थांबून सांगून राहिला. त्याला जायचंच न्हाई!"

"शब्दांत तसं काही न्हाई."

"शब्दांत सगळं असतं व्हय?"

पुढच्या वर्षी बी.एड.ला परभणीला माझा नंबर लागला. धावत सांगायला गेले, तर तो रेडिओच्या तुटल्या तारेला कथलाचा डाग देत बसला होता. "जा. लई शीक," मान खाली घालून म्हणाला. "इथं काय ठेवलंय..."

मी रागानं निघून आले.

पाच-सहा महिन्यांनी होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालच्या खोलीत कुणीतरी तेच गाणं लावलं. शब्द तोंडपाठ होते, म्हणून की काय, त्या दुपारी पहिल्यांदा मी नुसता आवाज ऐकला. ओला दुपट्टा हातात तसाच राहिला. तो माणूस उंबऱ्यावरून हललाच नव्हता!

घरून निरोप आलेला होता, रविवारी पुसदचे पाहुणे बघायला येणार. शनिवारी मी आधी नाक्यावर उतरले.

"तुमचं बराबर होतं," मी म्हणाले. "ते प्रेमाचंच गाणं आहे."

ओमप्रकाश बघतच राहिला. "एवढं सांगाया परभणीहून आली?"

"न्हाई. उद्या मला बघायला पाहुणे येऊन राहिले. मला ते नकोत. मला — तू पाहिजे. तुझ्या मनात काय आहे ते आता सरळ सांग."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शीक... नोकरी कर... कुठं बी जा, निलम. पण माझी हो."

त्यानं भरदुपारी दुकान बंद केलं अन् तो माझ्यासंगं आमच्या बंजारा तांड्यावर आला. बापू, म्हणजे माझे वडील लालसिंग, बाजेवर बसले होते. सगळं ऐकून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "टेप दुरुस्त करून संसार चालंल व्हय?"

"मी मास्तरीण होणार, बापू. दोघं मिळून चालवू," मीच बोलले.

बापूंनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला.

आतून याडीचा, माझ्या आईचा, खणखणीत आवाज आला, "पुसदवाल्यांना निरोप धाडा! अन् जावई उन्हात उभा हाय, त्याला आधी पाणी द्या!"