टप काही बसेना

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेपासून खाली. वर नुसता टप होता. बाहेर सोसाट्याचा वारा सुटला होता आणि उघड्या दोन-सीटर गाडीचा फायबरचा सुटा टप डोक्यावर धरून कोणीतरी शेडच्या दारातून तिरकं तिरकं आत शिरू बघत होतं.

"डावीकडे घ्या... अजून थोडं... अहो, तुमच्या डावीकडे."

टप खाली उतरला. त्याच्यामागून घामेजलेलं कपाळ आणि ओशाळलेलं हसू बाहेर आलं. इथं फायबरवाली कोण, असं त्यानं विचारलं. समोरच उभी आहे म्हटल्यावर तो गोंधळला.

"मला वाटलं, कोणी वयस्कर बाई असतील."

"होईन की. थोडी वर्षं थांबा."

शेड तिच्या आत्याची. होड्या, पाण्याच्या टाक्या, मोटारींचे टप, फायबरचं जे जे फुटेल किंवा वाकेल ते दुरुस्तीला भाचीच्याच हाती येई. हा टप त्याच्या थोरल्या भावाच्या गाडीचा होता. दादा तीन वर्षांपूर्वी तापानं बघता बघता गेला. तेव्हापासून टप पत्र्याच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला, उन्हाळ्यात तापत राहिला आणि त्याला पीळ बसला. आता गाडीवर ठेवला की तीन कोपरे गुमान बसत, पण चालकाच्या डोक्यामागचा कोपरा दोन बोटं वर राही. त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि दादाची गाडी स्वतः चालवत नेईन, असा शब्द त्यानं आईला दिला होता. म्हणजे टप बसला की तो जाणार. हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते पहिल्याच दिवशी आवडलं नव्हतं.

काम तसं सरळ होतं. दिव्यांनी टप तापवायचा, मऊ झाला की पट्टे आवळून गाडीवर दाबून बसवायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. निवेल त्या आकारात तो राहतो. तिनं असे कितीतरी टप सरळ केले होते.

दुसऱ्या सकाळी कोपरा पुन्हा दोन बोटं वर होता. पट्टे सैल पडले होते आणि त्यांची टोकं नीट गुंडाळून ठेवलेली होती. तिनं त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. दिवे आदल्या संध्याकाळीच विझवलेले, बाकी सगळा टप गारठलेला, आणि तेवढीच एक जागा ताप आलेल्या कपाळासारखी कढत होती. तिनं हात झटकन मागे घेतला.

मग तिला एकदम हसू आलं. शेडची एक किल्ली आत्यानं त्याला दिली होती. तिच्या आधी येऊन तो शेड उघडून ठेवी. म्हणजे हा उद्योग त्याचाच! कोपऱ्यापाशी दिवा धरून बसला असणार. काम लांबावं म्हणून... कोणासाठी, हे काय तिला कळत नव्हतं? तिसऱ्या दिवशी तसंच झालं, चौथ्या दिवशीही. ती रोज नव्यानं पट्टे आवळी आणि रोज थोडी अधिक नटून येई. आत्यानं एकदा विचारलंसुद्धा, की फायबरची धूळ आताशा काजळ लावल्याशिवाय बसत नाही का.

तोही रमला होता. टप घासता घासता तो तिच्याशी तासन्‌तास बोले. फक्त एकच गोष्ट तिला खटके. गाडीत काही काढायचं-ठेवायचं असलं तर तो बाहेरूनच वाकून हात घाली. चालकाच्या जागेवर तो एकदाही बसला नव्हता.

शनिवार उजाडला. कोपरा वरच होता. आता मात्र बोलायला हवं, असं तिनं ठरवलं.

"हे बघा, मलाही आवडतंय तुम्ही रोज येता ते," ती खाली बघत म्हणाली. "पण आता पट्टे सैल करणं थांबवा. तुमची नोकरी जाईल."

त्यानं हातातला घासकागद खाली ठेवला.

"मी? मला वाटलं... मी संध्याकाळी गेल्यावर तुम्ही करता. मी मनातून खूश होतो."

दोघांचेही चेहरे लाल झाले. मग हळूहळू दोघांच्याही डोक्यात तोच प्रश्न आला, आणि शेडमध्ये दिवे जळत असताना तिच्या अंगावर काटा आला.

"ही टोकं अशी कोण गुंडाळतं?" तिनं विचारलं.

"दादा गुंडाळायचा," तो म्हणाला. "मी गाडी मागितली की म्हणायचा, शेजारी बसायला कोणीतरी आण, मग चावी देतो."

ती गाडीकडे बघत राहिली आणि तिला स्वतःचीच चूक दिसली. उघड्या गाडीला वरून आधार नसतो. आत दोन माणसं बसली की तिचा सांगाडा केसभर दबतो. दादानं हा टप दोघं बसलेली असताना बसवून घेतला असणार, आणि ती गेले सगळे दिवस तो रिकाम्या गाडीवर आवळत होती. कारण इतकं साधं होतं. पण पट्टे कोणी सोडले, याचं उत्तर त्यात नव्हतं.

टप पुन्हा तापवला. ती शेजारच्या जागेवर बसली. तो दार धरून बराच वेळ उभा राहिला, आणि तिनं हात पुढे केला तेव्हा कुठे आत आला. आत्यानं बाहेरून पट्टे करकचून आवळले, निवेपर्यंत हलायचं नाही अशी दोघांना तंबी दिली आणि ती शेडच्या दाराशी जाऊन बसली.

आत भट्टीसारखं उकडत होतं. त्याचा हात तिनं धरला होता. तेवढ्यात तिच्या मानेवर गार झुळूक आली. तिनं मागे पाहिलं. मागच्या काचेवर, जिथं कोणी बसूच शकत नव्हतं तिथं, आतल्या बाजूनं वाफ धरली होती. ती वाढे, विरे, पुन्हा वाढे. कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

तो डोळे मिटून बसला होता. त्याचं माणूस आहे, तिला वाटलं, आणि त्याचं आहे तर घाबरायचं कशाला? नवऱ्याच्या भावाला बायको जी हाक मारते, ती तिच्या तोंडून आपसूक निघाली.

"भावजी," ती हलकेच म्हणाली, "मी बसले आहे यांच्याशेजारी. आता सोडा."

काचेवरची वाफ थांबली, कडेकडून आकसत गेली आणि काच स्वच्छ झाली. पाठोपाठ वर राहणाऱ्या त्या कोपऱ्याची कडी खट्‌कन बसली. आत्या दाराशीच होती. पट्ट्यांना कोणी हात लावला नव्हता.

त्यानं डोळे उघडले. ते भरले होते. "काय म्हणालीस त्याला?"

"ऐकलंत ना?"

"ऐकलं. मलाही तू हवी आहेस. पहिल्या दिवसापासून." तो हसला. "टप बसला. उतरायचं नाही का?"

"मी उतरले की पुन्हा वर येईल तो."

"मग नको उतरूस. मी बसनं जाईन, आईला दिलेला शब्द आठवडाभर लांबला तर चालेल. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो, तोवर गाडी तुझ्याकडे राहू दे."

टप निवला तेव्हा त्यानं गाडीला लावलेली चावी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. एव्हाना सगळी गाडी गारठली होती, तीही गार असायला हवी होती. पण आत्ताच कोणीतरी मुठीतून सोडल्यासारखी ती कोमट होती. तिनं मूठ घट्ट मिटली, आणि आत्या पट्टे सोडायला आली तरी दोघं तशीच बसून राहिली.