उजव्या बाजूचा डाग

“डोळे मिटा! तोंडं मिटा! आता ओढा!”

आत्याचा हुकूम सुटला आणि तिन्ही पोरांनी जोर लावला. टर्रर्र! शिडाच्या बोटीच्या खोलीतलं छताचं जुनं अस्तर एका दमात सुटलं आणि त्याच्या मागचा, कुजून पीठ झालेला फोम सगळ्यांच्या डोक्यावर बदाबदा कोसळला.

“मी भूत झालो!” ढब्बू किंचाळला.

“झालास कुठे? होतासच!” झिपरीनं धाकट्या भावाला ऐकवलं आणि केस झटकले. तिच्या त्या केसांवरूनच तिचं नाव झिपरी पडलं होतं, त्यामुळे आता त्यांत निम्मं छत अडकलं तर नवल नव्हतं. मैनेच्या केसांत मात्र एक कण नव्हता! तिनं आधीच डोक्याला रुमाल बांधला होता.

“बघा, याला म्हणतात डोकं चालवणं!” आत्या म्हणाली.

झालं, झिपरीच्या पोटात दुखायला लागलं! बंदराशेजारी आत्याचं दुकान होतं. बोटींची शिडं, गाद्या, आतली अस्तरं, सगळं ती शिवायची. गावातलीच झिपरी दर सुट्टीत तिथे पडीक असे आणि आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “ही माझा उजवा हात हो!” या सुट्टीत दुसऱ्या गावाहून चुलत बहीण आली, ही गोडबोली मैना, आणि आल्यापासून उजव्या हाताचा उल्लेखच बंद! आता सगळं मैना, मैना आणि मैना!

त्यात बोटीच्या मालकांनी, म्हणजे कप्तानकाकांनी, भर घातली. “काम झालं की बेटापर्यंत पहिली फेरी! बिछाने चारच. मी, काकू, तुमची आत्या आणि एक पोर. कोण यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

ढब्बूला झोपाळ्यावरसुद्धा मळमळायचं, म्हणजे तो बाद. उरल्या दोघी. आणि ती जागा आपलीच, असं झिपरीनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

काम होतं मोठं मजेचं. छताला पातळ फळ्या होत्या. फळी उतरवली की तिच्या पाठीवर बोटीच्या टोकाच्या दिशेनं बाण काढायचा, म्हणजे परत लावताना घोटाळा नको. मग जुनं कापड सोलायचं, फळी खरवडायची, नवं कापड कापायचं आणि दोन्हींना चिकटवायचं सोल्यूशन फासायचं. आणि थांबायचं! सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच कापड मधून कडेकडे दाबत न्यायचं.

झिपरीला सगळं जमे, थांबणं तेवढं जमत नसे. तिच्या फळीवर सुरकुत्या उठल्या. मैना मात्र बोट लावून बघे, थांबे, पुन्हा बोट लावून बघे. तिची फळी कशी झाली? आरशासारखी!

“अगं बाई, हात बघा पोरीचा!” आत्या हरखून म्हणाली. “ही उजव्या बिछान्यावर लावू. झोपणाऱ्याच्या अगदी नाकासमोर येते.”

“आणि माझी?” झिपरीनं विचारलं.

“तुझी... संडासात लावू. तिथे कोण वर बघतंय?”

ढब्बू हसून हसून जमिनीवर लोळला. झिपरीच्या अंगाचा तिळपापड झाला. मैना गोड आवाजात म्हणाली, “मी शिकवू का तुला, ताई?” आणि ते तर अगदीच असह्य होतं!

सगळ्या फळ्या लागल्या. रात्री पावसाची एक जोरदार सर येऊन गेली, आणि सकाळी आत्यानं बोटीत पाऊल टाकलं आणि ती किंचाळलीच. उजव्या बिछान्यावर, त्या आरशासारख्या फळीवर, बशीएवढा तपकिरी डाग! शेजारचं कापडही फुगून आलं होतं.

वरच्या कठड्याचं काम करणारे मिस्त्रीकाका खाली डोकावले आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्‌च्‌ केलं. “सोल्यूशन ओलं असतानाच कापड दाबलेलं दिसतंय. पोरांच्या हाती काम दिलं की असंच व्हायचं, ताई!”

“मैना, थांबली होतीस ना गं?” आत्यानं विचारलं.

“हो,” मैना म्हणाली. पण तो ‘हो’ इतका बारीक होता की तिचा तिलाही ऐकू आला नसावा.

“म्हणजे झिपरी जाणार बेटावर!” ढब्बूनं निकाल लावून टाकला.

झिपरीला काय आनंद झाला! वरवर तिनं चेहरा गंभीर ठेवला, पण आत नुसत्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात आत्या म्हणाली, “झिपरे, फळी उतरव बाई. संध्याकाळी कप्तानकाका येणार, तोवर नवं कापड चढवायला हवं.”

झिपरीनं स्क्रू काढले, फळी उतरवली आणि डागाला बोट लावलं. बोट तपकिरी झालं. गंज! सोल्यूशन कशाला गंजेल? तिनं वर पाहिलं. कठड्याचे बोल्ट डेकमधून आरपार खाली आले होते आणि त्यांच्या नटांभोवती पाणी अडवणारं पांढरंशुभ्र सीलंट होतं. त्यातल्या एकाच्या टोकाशी तपकिरी पाण्याचा थेंब लोंबत होता.

म्हणजे पाणी वरून येत होतं! मैनेचं काही चुकलंच नव्हतं!

‘गप्प बस,’ झिपरीचं मन म्हणालं. ‘तुला कोणी विचारलंय?’ आणि झिपरी खरोखरच गप्प बसली. फळी घेऊन दुकानात आली. जेवायला बसली. समोर मैना ताटाकडे बघत होती आणि आज एक अक्षर गोड बोलत नव्हती. तिकडे आत्या गुंडाळीतलं उरलंसुरलं कापड मोजत होती. ते लावून पुन्हा पाऊस आला तर? पुन्हा डाग! कप्तानकाका म्हणणार, आत्याला काम येत नाही!

“तूच जा बेटावर,” मैना एकदम म्हणाली. “तसंही सगळं तुझंच आहे. आत्या तुला वर्षभर मिळते. मला नुसती सुट्टीत! मी म्हटलं, चांगलं काम केलं तर मलाही म्हणेल उजवा हात. आल्या दिवसापासून जळतेय मी तुझ्यावर!”

“तू? माझ्यावर?” झिपरीचा घास हातातच राहिला. “अगं, मी जळत होते ना!”

“दोघी जळा,” ढब्बू म्हणाला, “पण ती भाजी इकडे सरकवा!”

झिपरीला हसू फुटलं आणि हसता हसता तिनं सगळं सांगून टाकलं. गंज, थेंब, पांढरं सीलंट, सगळं!

“पण आत्यानं तर बजावलं होतं,” मैना म्हणाली, “छत उघडं आहे तोवर एकेक बोल्ट काढा, भोकात सीलंट भरा आणि परत बसवा. मिस्त्रीकाका म्हणाले, केलं!”

“तेच तर! नुसतं खालून फासलं असेल तर? दाखवायचं कसं?”

मैनेची नजर कोपऱ्यातल्या ढब्बूच्या सायकलकडे गेली. “पंक्चर कसं शोधतात?”

“ट्यूब पाण्यात बुडवून,” ढब्बू म्हणाला. “बुडबुडे आले की... अरे बापरे! बोट बुडवायची?”

“बोट नाही रे बुडवायची! आत हवा भरायची आणि वर साबणाचं पाणी लावायचं!”

कल्पना झकास होती. आपल्याला का नाही सुचली, म्हणून झिपरीला परत जरा दुखलंच. पण दुखत दुखत ती कामाला लागली. तिनं आत्याला सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, “करा. मी बघते.” बोटीच्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या, दारावर प्लास्टिक ताणलं गेलं आणि त्यातून दुकानातल्या धूळ उडवायच्या ब्लोअरची नळी आत गेली.

संध्याकाळी कप्तानकाका आले. मिस्त्रीकाका हत्यारं आवरत होते. झिपरीनं मैनेला कोपरानं ढोसलं. “चल, तुझं ते गोड बोलणं काढ बाहेर!”

“मिस्त्रीकाका,” मैना मधाळ आवाजात म्हणाली, “कठडा कित्ती छान झालाय! दोन्हीकडचे बोल्ट तुम्ही स्वतः काढून बसवलेत?”

“मग? एकूण एक!” मिस्त्रीकाकांची छाती फुगली. “भोकाभोकात नवं सीलंट भरलंय. थेंब आत जाईल तर नाव बदलीन!”

“ढब्ब्या, चालू!” झिपरी ओरडली.

ब्लोअर घोंघावला. झिपरीनं ब्रशनं डाव्या बोल्टांवर साबणाचं पाणी फासलं. सगळीकडे सामसूम. मग ती उजवीकडे गेली आणि फासलं. फुर्रर्र! पहिल्या बोल्टाशी बुडबुडा, दुसऱ्याशी तीन, तिसऱ्याशी तर फेसाचा डोंगर!

“हे... साबण जास्त झाला असेल,” मिस्त्रीकाका म्हणाले.

“साबण दोन्हीकडे एकाच बादलीतला आहे!” ढब्बू नळीपाशी उभा राहून ओरडला.

आत्यानं पाना घेतला आणि उजवीकडचा बोल्ट काढला. भोकात नव्या सीलंटचा मागमूस नव्हता, होता तो वाळका जुना काळा चुरा! मिस्त्रीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

“डावीकडे केलं हो नीट,” ते पुटपुटले. “मग कंटाळा आला. म्हटलं, छत लागल्यावर कोण बघतंय!”

“माझ्या पोरी बघतात!” आत्या कडाडली. “वर पोरीवर खापर फोडलंत! आता एकूण एक बोल्ट माझ्यादेखत काढायचा. आणि आधी तिची माफी मागा!”

मिस्त्रीकाकांनी खाली मान घालून माफी मागितली. आत्यानं मैनेला जवळ घेतलं. “चुकले गं मी. तुझी फळी निर्दोष होती. आणि हे बुडबुड्यांचं डोकं तर लाखात एक!” मग झिपरीच्या झिंज्या कुरवाळत म्हणाली, “आणि हिचे डोळे! गंज ओळखला नसता तर मी पुन्हा कापड चिकटवून फसले असते.”

“मग बोटीवर मला असे डोळेच हवेत,” कप्तानकाका म्हणाले. “झिपरी, चौथा बिछाना तुझा!”

झिपरीनं आनंदानं उडीच मारली. मैनेचा चेहरा पडला आणि तिनं तो पटकन हसरा केला. झिपरीला तो बरोबर ओळखता आला. इतके दिवस तिचाही चेहरा असाच तर होत होता!

फेरीचा दिवस उजाडला. दोर सुटले, शीड वर चढलं. ढब्बू आणि मैना धक्क्यावर उभे राहून हात हलवत होते. झिपरी धावत खाली गेली आणि उजव्या बिछान्यावर आडवी झाली. नाकासमोर मैनेचं छत! त्याच फळीवर मैनेनं पुन्हा नवं कापड चढवलं होतं. झिपरी एकेक कोपरा शोधू लागली. एखादी सुरकुती! एखादा फुगवटा! निदान वाकडी कड! तिनं एक डोळा मिटून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. मेलीनं कसं केलंय! तिच्या पोटात पुन्हा कळ आली, चांगलीच आली.

ती धडपडत उठली आणि डेकवर धावली. धक्का लांब चालला होता.

“मैनेऽऽ!” ती बेंबीच्या देठापासून ओरडली. “एकही सुरकुती नाही गंऽऽ!”

धक्क्यावरची छोटीशी मैना दोन्ही हात उंचावून नाचली आणि पाण्यावरून तिचा आवाज आला, “माहितीये मलाऽऽ!”