आठवड्याआड गायब

सर्व्हरवर फायली होत्या. फक्त हव्या होत्या त्याच नव्हत्या.

नीलांबरी मुळे हिने पडद्यावरची यादी पुन्हा वरून खाली पाहिली. साखर कारखान्याने नेटवर्क दुरुस्तीसाठी तिला नगरहून तातडीने बोलावून घेतलं होतं. तिथला मुख्य स्विच परवा जळला होता. कारखान्यातले कॉम्प्युटर, कॅमेरे आणि उसाचे वजनकाटे ज्या डब्यांमधून एकमेकांशी बोलतात, ते हे स्विच. प्रत्येक स्विचने आपल्या सेटिंगची एक प्रत रोज रात्री बॅकअप सर्व्हरकडे पाठवायची, अशी सोय होती. डबा जळला तर नवा आणायचा, त्यात प्रत भरायची आणि कामाला लागायचं.

नवा डबा आला होता, पण प्रत नव्हती. नव्या काट्याची जोडणी पुण्याची माणसं याच सोमवारी करून गेली होती आणि नेमक्या या आठवड्याची एकही प्रत सर्व्हरवर नव्हती. काटे बंद, म्हणून गाळप बंद. फाटकापासून देवळाली प्रवराच्या रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि ऊस उन्हात वाळत होता.

"हा घातपात आहे, मॅडम," सुहासराव म्हणाले. हे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, चेहरा टवटवीत.

"कुणाचा?"

"गहिनीनाथचा. रात्रपाळीचा ऑपरेटर, कंत्राटी. एक आठवडा तो, एक आठवडा ओंकार. ओंकारच्या आठवड्यात सगळ्या प्रती येतात. याच्या आठवड्यात एकही नाही. दिवाळीपासून बघा."

तिने पाहिलं. एक आठवडा भरलेला, एक रिकामा. पुन्हा भरलेला, पुन्हा रिकामा.

"दिवाळीपासून दिसत होतं, तर बोलला का नाहीत?"

"शेतीच्या नादात राहून गेलं हो. गडी दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. तीन एकर ऊस एकट्याने बघतो. बायको म्हणते, एक तर नोकरी सोडा नाहीतर मला."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. शेजारी उभे असलेले कार्यकारी संचालक नृसिंहरावही हसले. खिडकीतून भिंतीपलीकडचा हिरवागार पट्टा दाखवत ते म्हणाले, "तो पहिला ऊस सुहासचा, त्याला लागून माझा. माझ्याकडेही गडी नाही. या वयात मीच बघतो सगळं. रस्त्यावर वाळणारा ऊस बघवत नाही, म्हणून सांगतो, संध्याकाळी संचालक मंडळाची बैठक आहे. त्याआधी तुमचा अहवाल द्या. त्या पोरावर पोलिसात तक्रार करायची आहे."

गुन्हेगार आधीच ठरला होता. तिने फक्त सही करायची होती.

गहिनीनाथला स्टोअरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. ती आत जाताच तो उठून उभा राहिला.

"रात्री सर्व्हरला हात लावलात?"

"न्हाई मॅडम."

"बंद केला? वायर काढली?"

"न्हाई. सर्व्हर चालूच असायचा. सकाळी प्रती दिसल्या न्हाईत की मी सुहास सरांना सांगायचो. ते म्हनायचे, बघतो."

"लेखी का नाही दिलं?"

"कंत्राटी मानसानं सायबाला लेखी द्यायचं आसतं व्हय?"

तिने हातातली वही मिटली. तो खाली बघत म्हणाला, "नोकरीचं जाऊ द्या मॅडम. आई भाईर रांगंत हाय. पाथर्डीच्या टोळीबरोबर आलीया ऊसतोडीला. कोयता चालवून शिकीवलं तिनं मला. काल कुनीतरी समद्या टोळीसमोर तिला सांगितलं, तुज्याच पोरानं काटा बंद पाडला. तवापास्नं ती माझ्याशी बोलली न्हाई."

नीलांबरी पुन्हा सर्व्हरसमोर येऊन बसली.

सर्व्हरवरच्या नोंदी तिने उघडल्या. प्रती नसलेल्या रात्री कुठल्याही स्विचने सर्व्हरचं दार ठोठावलंच नव्हतं. एकानेही नाही. मग ती जळालेला सोडून बाकीच्या स्विचांकडे वळली. तेही आपल्याजवळ थोडंफार टिपून ठेवतात. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. आम्ही रोज गेलो, पण या आठवड्यात आम्हाला दारातून परत पाठवलं.

सर्व्हर म्हणतो, कोणी आलंच नाही. स्विच म्हणतात, आम्हाला नकार मिळाला. सर्व्हर बंद असता तर उत्तरच आलं नसतं. इथे उत्तर आलं होतं. मग ते दिलं कोणी?

डोकं चालेना, तेव्हा ती चहाला फाटकावर गेली. वॉचमन कानिफनाथ खुर्चीत बसल्या बसल्या डुलत होता. तिला पाहून दचकून उठला. डोळे लालभडक झाले होते.

"रात्रपाळी होती का?"

"न्हाई ताई, दिवसाचीच ड्युटी. पर ह्या आठवड्यात रात्रीची लाईट हाय न्हवं. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातभर उसाला पान्याची दारं धरायची अन् सकाळी हितं यायचं. समद्यांचीच गत. अकाउंटात जाऊन बघा, निम्मे डुलत्यात."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

"दिवसाची. मंग लई झोपायचं."

नीलांबरीने चहा तसाच ठेवला. तिने कानिफनाथला सोबत घेतलं आणि सुहासरावांचा ऊस जिथून दिसेल, त्या भिंतीलगतच्या साखर गोदामाच्या गच्चीवर ती चढली. तिथे फोनला रेंज नव्हती. कठड्याच्या आडोशाला ताटाएवढी पांढरी अँटेना होती. तिची पाठ कारखान्याकडे आणि तोंड भिंतीपलीकडच्या उसाकडे होतं. तिची वायर मात्र कारखान्याच्याच स्विचमध्ये शिरत होती.

खाली येऊन तिने अँटेनाची सेटिंग उघडून पाहिली. मग दुपारभर खपून, पुण्याच्या माणसांना फोनवर विचारत विचारत, काट्यांची जोडणी हाताने केली. पहिली गाडी काट्यावर चढल्याचं कळलं तेव्हा ती नृसिंहरावांच्या केबिनमध्ये गेली. सुहासराव तिथेच होते.

"सापडला का पुरावा?" नृसिंहरावांनी विचारलं.

"सापडला. सुहासराव, गडी नाही म्हणालात. मग या आठवड्यात रात्री तुमची मोटर कोण चालू करतं?"

"मीच."

"जाऊन?"

"म्हणजे... ठिबक आहे. फार वेळ थांबावं लागत नाही."

"लाईट पहाटेपर्यंत येते-जाते. अख्खी कचेरी जांभया देतेय आणि तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे ताजे. तुम्ही शेतावर जातच नाही. मोटरवर मोबाईलने चालणारा डबा बसवलाय. तिकडे रेंज नाही, म्हणून गोदामावर अँटेना लावून कारखान्याचं इंटरनेट शेतात नेलंत."

सुहासरावांचा चेहरा उतरला.

"इंटरनेट नेलं असेल," नृसिंहराव म्हणाले, "पण त्याचा बॅकअपशी काय संबंध?"

"कारखान्यातून बाहेर इंटरनेटवर बिनअडथळा जायची परवानगी एकाच पत्त्याला आहे, बॅकअप सर्व्हरच्या. सुहासरावांनी तोच पत्ता शेतातल्या डब्याला दिला. एकाच पत्त्यावर दोन घरं. डबा बसवला तेव्हा दिवसाची लाईट होती. रात्री शेतात वीज नसल्याने डबा बंद असायचा आणि बॅकअप तर रात्रीच चालतो, म्हणून काहीच बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यात लाईट रात्रीची झाली. डबा रात्रभर जागा राहू लागला. स्विच प्रत घेऊन निघाले आणि सर्व्हरऐवजी उसात जाऊन पोचले. तिथे त्यांना नकार मिळाला. पाळ्याही आठवड्याने बदलतात आणि लाईटही. गहिनीनाथची रात्रपाळी नेमकी रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात पडली, एवढाच त्याचा गुन्हा."

सुहासराव खुर्चीत मागे टेकले.

"पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं," सुहासराव शेवटी म्हणाले. "पत्ता बदलला असता तर मोटर बंद पडली असती. वाटलं, स्विच काय रोज जळतात? आणि जळला तेव्हा... त्याचं नाव आयतंच समोर होतं."

नीलांबरीला त्यांची किळस आली. तिने मान वळवली.

"आणखी एक आहे, साहेब. अँटेनाच्या पलीकडे एक नाही, दोन डबे आहेत. गडी तुमच्याकडेही नाही. झोप तुमचीही छान झालेली आहे."

नृसिंहराव उठले, दार लावलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"मी याला एवढंच म्हणालो होतो की माझ्याही मोटरचं बघ. कसं करतोस ते विचारलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "अँटेना आजच उतरेल. पोलिसात तक्रार होणार नाही. अहवालात लिहा, विजेच्या दाबाने बिघाड झाला."

"आणि गहिनीनाथ?"

"त्याचं कंत्राट संपतंय. आता पुन्हा घेतलं तर बैठकीत दहा प्रश्न निघतील."

"मी खरं आहे तेच लिहीन."

"अवश्य लिहा. अहवाल माझ्याकडेच यायचा आहे."

ते रागावले नव्हते. ते रागावले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

गहिनीनाथ फाटकापाशी उभा होता. तिने त्याला सगळं सांगितलं, कंत्राटाचंही.

"कागदाचं ऱ्हाऊ द्या मॅडम. आईला तेवढं तुमच्या तोंडानं सांगा."

त्याची आई बनुबाई गाडीच्या सावलीला बसली होती. भोवती टोळीतली माणसं होती. मुलाला पाहून तिने तोंड फिरवलं.

"मावशी," नीलांबरी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्या मुलाने काहीही केलेलं नाही. मी मशीन तपासलंय. चूक वरच्यांची होती."

"खरं सांगती का, बाई?"

"अगदी खरं."

बनुबाई उठली. तिने मुलाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि टोळीकडे बघत मोठ्यांदा म्हणाली, "ऐकलं का रं समद्यांनी?" मग तिला रडू आलं. डोळे पुसत ती नीलांबरीकडे वळली.

"मंग उद्यापास्नं ह्यो कामावर हाय न्हवं?"

नीलांबरीने गहिनीनाथकडे पाहिलं.

"हाय, आये," गहिनीनाथ म्हणाला.

बनुबाईची नजर नीलांबरीवरून हलली नाही. शिकलेल्या बाईच्या तोंडून तिला ते ऐकायचं होतं. नीलांबरीने मान डोलावली.