शेवटचे साठ मीटर

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घसरून पडत होते, आणि त्याने सावरलं ते मला नाही, माझ्या हातातल्या ट्रेला.

दोन दिवसांच्या पावसाने रिगच्या, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या मनोऱ्याच्या, लोखंडी पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या. शेवटच्या तीन पायऱ्या मी बसूनच उतरले. वर पाहिलं तर पिवळ्या रेनकोटातला एक उंच माणूस ट्रे दोन्ही हातांत धरून उभा, आणि चेहऱ्यावर काळजी... ट्रेची.

"लागलं का?"

"मला विचारताय की ट्रेला?"

"तुम्हाला. ट्रे ठीक आहे." तो जरा थांबला. "तुम्हाला हात देऊन उठवता येईल. हा चुरा सांडला असता तर पुन्हा दोन हजार मीटर खाली जावं लागलं असतं."

मला हसू यायला नको होतं. पण आलं.

तो नवा ड्रिलर होता. सगळं यंत्र ज्या एका ब्रेकवर चालतं, तो ब्रेक त्याच्या हातात. मी भूगर्भतज्ज्ञ. विहिरीतून वर येणारा खडकाचा चुरा धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि खाली काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. सांगितलं होतं मी दोनदा. दोन्ही विहिरी कोरड्या निघाल्या होत्या. ही तिसरी, आणि मुख्य कार्यालयातल्या साहेबांच्या शब्दांत, शेवटची.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या केबिनमध्ये यायला लागला. कधी पेन मागायला, कधी घेतलेलं पेन परत करायला. मी बोलायला लागले की तो मान वळवून खिडकीबाहेर बघायचा. पहिल्यांदा वाटलं, भाव खातोय.

"माझं बोलणं इतकं कंटाळवाणं असतं का?" मी एकदा विचारलंच.

"उलट आहे," तो म्हणाला. "डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुमचं बोलणं सोडायचं नसतं, म्हणून उजवा कान पुढे करतो."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग हळू आवाजात विचारलं, कसं झालं. सहा वर्षांपूर्वी तो एका विहिरीवर मदतनीस होता. खालचा वायू आवरला नाही. विहीर फुटली. त्या आवाजात कान गेला. शेजारी उभा असलेला माणूस... एवढं बोलून तो थांबला, आणि सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून म्हणाला, "यात काय दिसतं?"

"समुद्राचा तळ. फार जुना."

"पाणी कुठे गेलं?"

"गेलं. त्यातले बारीक जीव गाळात पुरले गेले, त्यांचं तेल झालं. ते वाळूच्या खडकात मुरत मुरत वर सरकतं आणि वरच्या चिकणखडकाखाली अडकून बसतं. पालथ्या वाटीखाली वाफ अडकते ना, तसं."

"आणि वाटी इथेच आहे?"

"माझं म्हणणं आहे."

"साहेबांचं?"

"साहेब म्हणतात, पोरगी नकाशे सुंदर काढते."

तो हसला नाही. डोळा भिंगाला लावून बराच वेळ बघत राहिला. त्याच्या बाहीवरून पावसाचं पाणी माझ्या वहीवर टपकत होतं... आणि मी वही सरकवली नाही.

मी सांगितलेल्या खोलीला विहीर पोहोचली, तेव्हा वर चिकणखडकच आला. वाळूचा कणही नाही. साहेबांचा फोन आला, आवरा. मी रात्रभर जुनी मोजमापं काढून बसले आणि सकाळी त्यांना सांगितलं, मधे खडकाला तडा गेलाय, आपल्या बाजूचा थर खाली घसरलाय, मला साठ मीटर द्या. ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर विहीर बंद आणि तळ बंद."

तळ बंद म्हणजे आम्ही सगळे पांगणार. कोण कुठे जाईल, याचा नेम नव्हता. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साठ मीटर होतील. वेळेत होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत अडतीस मीटर झाले होते. तासाला तीन मीटर. उरलेले बावीस साडेचारच्या सुमारास सहज संपले असते. विहिरीतून वर आलेलं सगळं ज्या चाळणीवर पडतं, तिथून मी नवा चुरा आणला, धुतला आणि भिंगाखाली धरला.

मी दुसरी चिमूट घेऊन पुन्हा पाहिलं.

चुऱ्याचे तुकडे एरवी छोटे, चपटे असायचे. हे लांब होते, पातळ, वाकडे, नखांच्या कात्रणासारखे. खालून दाब वाढला की खडक असा सोलून निघतो. याला उपाय एकच. विहिरीत जो चिखल सतत फिरता ठेवतात, त्याच्याच वजनाने खालचा वायू दबून राहतो; तो चिखल जड करायचा. सहा तासांचं काम. सहा तास गेले की साठ मीटर होत नाहीत.

मी ट्रे टेबलावर ठेवला. दार लावलं. कोणी पाहिलं नव्हतं. थोडेच तुकडे आहेत, मी स्वतःला म्हटलं. कदाचित विहिरीच्या कडेचे असतील. कदाचित पुढच्या चुऱ्यात नसतील...

मग त्याचा उजवा कान आठवला, माझ्याकडे वळवलेला.

मी पायऱ्या चढून वर गेले आणि मूठ उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने तुकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"हे तुम्ही मला दाखवलं नसतं, तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"तुमची विहीर जाईल."

"माहीत आहे. थांबवा."

त्याने ब्रेक ओढला. यंत्र घरघरत शांत झालं आणि पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. मड इंजिनिअरला, म्हणजे आम्ही ज्यांना चिखलकाका म्हणायचो त्यांना, त्याने चिखल जड करायला सांगितला. मग साहेबांना स्वतः फोन लावला. पलीकडचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. तो मात्र एका सुरात म्हणाला, "वेळ वाढवून मागत नाही साहेब. सहाला थांबेन. पण तोवर माझ्या अकरा माणसांना हलक्या चिखलावर उभं करणार नाही."

तीन वाजता चिखल जड झाला आणि पुन्हा खोदायला सुरुवात झाली. मी चाळणीजवळ उभी राहिले. हातातल्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवत होते आणि बघत होते. चार. साडेचार. चिकणखडक. पाच. चिकणखडक. चिखलकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

सहाला वीस मिनिटं कमी होती. सेहेचाळीसाव्या मीटरला यंत्राचा सूर बदलला. इतका वेळ दगड कुरतडणारं पातं लोण्यात शिरावं तसं भसकन खाली गेलं. त्याने तत्क्षणी ब्रेक मारला, चिखल फिरवणारे पंप बंद केले. आता चिखल वाहायचा थांबायला हवा होता.

थांबला नाही.

पंप बंद असूनही विहीर आपणहून चिखल ओकत होती. आधी संथ. मग भरभर. चाळणीवर राखाडी वाळू येऊन पडली आणि मी वाकून ती ओंजळीत घेत होते. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"तू तिथून हल."

तो ओरडला नव्हता, पण आवाज ओळखीचा वाटला नाही. मी वर पाहिलं. झडपांच्या हँडलवर त्याचा हात होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"वाळू राहू दे. खाली ये. आत्ता."

मी वाळू मुठीत घेऊनच पळाले. मागे विहिरीच्या तोंडावरच्या जाड झडपा धप्पकन मिटल्या. मग शांतता. सगळे मैदानात जमून वर बघत राहिलो. दाब मोजायच्या काट्यासमोर तो एकटाच उभा होता. काटा चढत होता. चढत होता... चढायचा थांबला.

"धरलं," चिखलकाका पुटपुटले आणि ओल्या मातीतच बसले. "हलका चिखल असता ना पोरी, तर आपण आत्ता इथे नसतो."

मी हिशेब केला. मी सांगितलेले साठ मीटर चुकीचे होते, थर चौदा मीटर आधीच होता. सकाळी मी दार लावून बसून राहिले असते, तर दुपारी बारालाच...

पुढे मी हिशेब केला नाही.

सकाळपर्यंत त्यांनी वायू हळूहळू बाहेर सोडला आणि विहीर ताब्यात आली. मी मुठीतली वाळू निळ्या दिव्याखाली धरली. कण न कण पिवळाधमक चमकत होता. तेल. साहेबांचा फोन आला. तेलक्षेत्र किती लांबरुंद आहे ते ठरवायला आणखी चार विहिरी घ्यायच्या, नकाशे काढायला मुख्य कार्यालयात ये, गाडी दहाला पाठवतो. मुक्काम तीन महिने.

मी पिशवी भरून बाहेर आले तेव्हा तो गाडीपाशी उभा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"काल तुम्हाला एकेरीत बोललो."

"लक्षात आहे."

"घाबरलो होतो. विहिरीला नाही. झडपा मिटायच्या होत्या आणि तुम्ही... तू तिथे वाकलेली होतीस. तेवढे तीन सेकंद मला मोजता आले नाहीत." त्याने नजर खाली घातली. "मला नीट बोलता येत नाही."

"येतंय की," मी म्हटलं. "तुझी सुट्टी कधी?"

"पुढच्या महिन्यात. पंधरा दिवस."

"आमच्या घरी ये. आईबाबांना भेट."

तो गोंधळला. "काय म्हणून येऊ? ड्रिलर म्हणून?"

"काय म्हणून यायचंय?"

गाडीवाल्याने इंजिन सुरू केलं. तो माझ्याकडे बघत राहिला. यावेळी मान न वळवता, सरळ.

"तुझा म्हणून," तो म्हणाला.

मी कागदावर पत्ता लिहिला आणि त्याच्या खिशात ठेवला. हात लगेच काढून घेतला नाही.