सात नंबरची विहीर

आक्काबाईच्या ओट्यावर बसून कुणी तिच्या विहिरीला नावं ठेवली, तर त्याला चहा मिळत नसे. प्रज्ञाला मिळायचा. ती पोरगी नावं ठेवत नव्हती, नुसती बाटल्या भरून न्यायची.

दर तीन महिन्यांनी ती नगरच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून स्कूटीवर यायची. शेवगाव मागं पडलं की माळ लागतो. माळावर तारेच्या कुंपणात बंद पडलेला कारखाना, आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आक्काबाईची वस्ती. कारखान्यात म्हणे बाहेरून वाळू यायची, तिच्यात तेजाब ओतून युरेनियम काढायचे. वीस वर्षांपूर्वी मालक गाशा गुंडाळून गेले. मागं राहिला राखाडी गाळाचा ढीग, त्यावर अंथरलेलं काळं प्लास्टिक, आणि आसपासच्या अकरा विहिरींना पडलेले नंबर. आक्काबाईची सात नंबरची. कठड्यावर लाल फुली.

फुली मारायला आलेल्या माणसाला तिने विचारलं होतं, "तुझ्या आयच्या कपाळावर मारशील का रं असली?"

विहीर बहात्तर सालची. तेव्हा गावच्या विहिरीला दलितवस्तीतल्या बायकांनी हात लावायचा नाही अशी रीत. घागर खाली ठेवायची, लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून धार. नवी नवरी आक्काबाई दोन महिने तशी उभी राहिली. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याला, सहादूला म्हणाली, "दारात पाणी काढा, न्हाईतर मला माहेरी घाला." सहादूने पहार उचलली. सात परस, म्हणजे चाळीसेक फूट खाली झरा लागला. त्या विहिरीतून निघालेल्या मुरमाची पाटी न पाटी आक्काबाईच्या डोक्यावरून वर आली. आता सहादू नव्हता. सून माधुरी गावातून फिल्टरचा जार आणायची. आक्काबाई मात्र विहिरीचंच पाणी प्यायची, आणि सगळ्यांना दिसेल असं ओट्यावर उभी राहून प्यायची. हल्ली ते जिभेला जरा गोडसर लागे. इतकं नितळ झालं होतं की तळाचा खडक दिसायचा. बेडूक मात्र एकही उरला नव्हता.

प्रज्ञाकडे एक यंत्र होतं. चाकावर गुंडाळलेली लांब फीत, फितीच्या टोकाला तांब्याचं बोंड. फीत विहिरीत सोडायची, बोंड पाण्याला टेकलं की चाकावरची डबी कुंईऽ ओरडायची. श्रावणात आक्काबाईने ते बोंड मुठीत धरून पाहिलं.

"वरडत का न्हाई गं?"

"माणसाला नाही ओरडत आजी. फक्त पाण्याला."

"मंजी माझ्या सुनंपरीस शानं हाय."

आतून माधुरीने भांडं आपटलं. प्रज्ञा हसली, मग तिने वही उघडली. "आजी, रिपोर्ट आलाय. पाण्यात युरेनियम तीसच्या आत पाहिजे. तुमचं एकशे सत्त्याऐंशी आहे."

"मग?"

"अजून तीन तपासण्या आहेत. एकदा जरी तीसच्या आत आलं तरी विहीर राहील. नाहीतर पावसाळ्याआधी मुरूम टाकून बुजवणार."

आक्काबाईची शाळा दुसरीत सुटली होती, पण आकडे तिला वाचता येत. बाटलीवरचा सात तर चांगलाच वाचता येई.

दसऱ्यानंतर प्रज्ञा आली. सात नंबरची बाटली भरून तिने बर्फाच्या डब्यात ठेवली आणि ओढ्यापलीकडच्या हापशाचं पाणी घ्यायला चालत गेली. डबा ओट्यावरच. आक्काबाईने बाटली काढली, लिंबाच्या बुडात ओतली, आणि घागरीतलं पाणी तिच्यात भरलं. त्या घागरीसाठी ती पहाटे गावच्या विहिरीवर गेली होती. जिथं लांब उभी राहिली होती तिथंच कठड्यावर पाय देऊन स्वतःच्या हातानं शेंदलं होतं. गावची विहीर तीन नंबरची, एकदम निर्मळ.

पंधरा दिवसांनी फोन आला. तीन नंबरचा आकडा चार. सात नंबर, एकशे सत्त्याऐंशी.

"मशीन बिघडलंय तुमचं," आक्काबाई म्हणाली.

"दोनदा तपासलं आजी."

जानेवारीत तिने दुकानातली सीलबंद बाटली आणवली. झाकण तिनेच पिळलं, कडाक आवाज तिनेच ऐकला. ते पाणी सात नंबरच्या बाटलीत ओतलं, बाहेरून पदराने पुसलं.

एकशे सत्त्याऐंशी.

हे सांगायचं तरी कुणाला? सांगितलं तर चोरी उघडी पडणार. आक्काबाई गप्प राहिली, आणि ती गप्प राहिल्याचीच घरात जास्त धास्ती वाटू लागली. उन्हं तापली. माळावरून फुफाटा उडायचा, जनावरं जिभा बाहेर काढून उभी असायची.

"आत्या," माधुरी एकदा दुपारी म्हणाली, "तुमचा तांब्या कालपासनं तसाच हाय."

"तहान न्हाई."

"दोन दिस झालं की."

"तू मोजत बसतीस व्हय गं? न्हाई म्हनलं ना."

पण खरंच नव्हती. कुशीवर वळली की कानाशी चुबुक चुबुक वाजायचं, जसं कठड्याशी घागर बुडताना वाजतं.

एप्रिलात, भीमजयंतीच्या आधीच्या आठवड्यात, शेवटची तपासणी झाली. प्रज्ञा हापशाकडे गेल्यावर आक्काबाईने सातची बाटली ओतली, उन्हात पालथी घातली, आतून कोरडी ठणठणीत होऊ दिली. झाकण घट्ट लावलं आणि रिकामीच डब्यात ठेवली. पाणी नाही तर आकडा कुठून येतो, बघू.

बाराव्या दिवशी फोन. "आजी, तेच आलंय. मला वाईट वाटतं हो."

"बाटली भरलेली हुती का?"

"काठोकाठ. का बरं?"

आक्काबाईने फोन माधुरीच्या हातात दिला आणि खाली बसली.

मे महिन्यात मुरमाच्या दोन ट्रॉल्या दारात उभ्या राहिल्या. बुजवण्याआधी शेवटची पातळी नोंदवायला प्रज्ञा आली होती. "जयभीम आजी," ती हळूच म्हणाली. आक्काबाईने मान हलवली.

फीत खाली गेली. वीस फूट. तीस. चाळीस.

डबी ओरडली नाही.

फीत सैल पडली. दोघी कठड्यावरून वाकल्या. तळ कोरडा होता. खडकावर सहादूच्या पहारेच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या.

"काल सांजच्याला पानी हुतं," आक्काबाई म्हणाली. "मी बघितलं."

प्रज्ञाने फीत वर ओढली. बोंडाला धूळ लागली होती. पुसून द्यावं म्हणून आक्काबाईने ते मुठीत घेतलं.

कुंईऽऽ.

"आजी, हात ओला आहे का तुमचा?"

आक्काबाईने तळहात उघडून दाखवला. कोरडा, भेगाळलेला, रेघांत माती. प्रज्ञाने बोंड स्वतःच्या मुठीत धरलं. आवाज बंद. परत आक्काबाईच्या हातावर ठेवलं.

कुंईऽऽ.

प्रज्ञाच्या वहीत सातच्या पुढची जागा रिकामी होती. तिचं पेन कागदावर टेकत नव्हतं.

"लिही," आक्काबाई म्हणाली. मान ताठ होती. "सात नंबर. पानी हाय."

ट्रॅक्टरवाल्याला घाई होती. पहिली ट्रॉली उलटली. मुरूम धडधडत विहिरीत गेला.

आक्काबाईच्या दाताखाली खडा करकरला.

थांब म्हणायला तिने तोंड उघडलं. जिभेवर माती होती, घशात माती होती. डबी ओरडतच होती, पण आता बारीक.

दुसरी ट्रॉली मागं सरकत होती.