सतरा नंबरची काच

सोमवारी प्रदर्शन बंद असतं, म्हणून काचा सोमवारी पुसायच्या. चाळीस पेट्या, चाळीस काचा. एक बादली, एक ओलं फडकं, एक कोरडं. त्या दिवशी माझं काम एवढंच होतं. भुताखेतांना भ्यायला मला जन्मात कधी फुरसत मिळाली नाही. तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर दार लोटून घ्या. मी हे दोनदा सांगणार नाही.

दारावरचा म्हातारा म्हणाला, "मावशी, आत चाळीस जण झोपलेत. आवाज करू नका."

"तुमच्यासारखेच की," मी म्हटलं. "फक्त त्यांना पगार नाही."

दालन खालच्या मजल्यावर. खिडकी एकही नाही. भिंती राखाडी, आणि प्रत्येक पेटीवर पेटीपुरता एक दिवा. बाहेर सकाळचे अकरा वाजले होते, पण आत पाऊल टाकलं की वेळ संपल्यासारखी वाटायची. वास होता ओल्या प्लास्टरचा. तो वास मला ओळखीचा होता, पण कुठला ते चटकन आठवेना.

पेट्यांत चेहरे होते. जिवंत माणसांच्या तोंडावर प्लास्टर थापून काढलेले. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, नाकपुड्यांत श्वासाच्या नळ्यांची गोल भोकं. आमच्यासारख्या काळ्या माणसांचे चेहरे, आणि सगळे पांढरेफटक. दारातल्या पाटीवर लिहिलं होतं की एकेकाळी शिकलेल्या लोकांनी आमच्यासारख्यांची डोकी मोजली, नाकं मोजली, कोण हलक्या वंशाचं ते ठरवायला. त्या अन्यायाची ही आठवण. चार यत्ता शिकलेय, अक्षराला अक्षर लावून वाचलं. चांगलं लिहिलं होतं. पण पेट्यांखाली नावं नव्हती. जुन्या लोकांनी नंबर दिले होते, नव्या लोकांनी तेच नंबर सुबक अक्षरांत छापले.

सतरा नंबरपाशी फडकं थांबलं. 'स्त्री, वय अंदाजे चौदा.' डाव्या भुवईत खाच. ती खाच मी पाडलेली, शाळेची पाटी फेकून मारली होती तेव्हा. ही माझी ताई.

मी सात वर्षांची असताना मापवाले आमच्या वस्तीत आले. जो तोंड देईल त्याला एक साबणाची वडी. ताईला बाकावर आडवी केली, तोंडाला तेल लावलं, नाकात दोन नळ्या घातल्या आणि वरून प्लास्टर थापलं. सुकताना प्लास्टर तापतं. ताई पाय झाडायला लागली. मापवाल्यानं तिचे पाय धरले, म्हणाला, "हलू नकोस, साचा तडकेल." साचा तडकला नाही. काढला तेव्हा ताई गेली होती. काळीज कमजोर होतं म्हणाले. तिला पोत्यात शिवूनच दिली, उघडू दिलं नाही. आईच्या हातात दोन वड्या जास्त ठेवल्या. हे मी जन्मभर सांगत आले, आणि यातला शब्दन् शब्द खरा आहे.

काचेवर, तिच्या नाकासमोर, वाफेचा रुपयाएवढा डाग होता. पुसला. गेला नाही. जोर लावून पुसला. मग कळलं, डाग आतून आहे. मी बघत राहिले. तो आक्रसला… आणि पुन्हा पसरला. मी बाकीचे एकोणचाळीस चेहरे बघून आले. त्यांच्या काचा कोरड्या होत्या.

भीती नंतर वाटली. आधी राग आला. मी तशीच, हातात फडकं घेऊन, वर प्रदर्शनाच्या मॅडमच्या खोलीत गेले. गोऱ्या, पातळ ओठांच्या, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय.

"सतरा नंबर माझी बहीण आहे," मी म्हटलं. "मला ती घरी न्यायचीय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं. पण पाणी पुसायच्या आधी त्यांनी वही ओढली. "मावशी, बसा. सगळं सांगा. एकही गोष्ट गाळू नका."

मी सांगितलं. एक गोष्ट गाळली.

आईचं मात्र खरं सांगितलं. आई ऐंशीची, दोन्ही डोळे गेलेले, महिनाही काढणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिची एकच रट होती. "एकदा तिच्या तोंडावरून हात फिरवू दे. मग मी जाते." एकेचाळीस वर्षं तीच रट. मी तिला काय काय दिलं, औषधं दिली, गादी दिली, शिव्याही दिल्या. तोंड कुठून देणार होते?

"चेहरा तुम्हाला मिळेल," मॅडम म्हणाल्या. "मी आत्ता सही करते. पण रविवारी आपला जाहीर कार्यक्रम आहे. मी सगळ्यांसमोर टेबलावर झोपणार, माझ्या चेहऱ्याचा साचा घेणार. सतरा नंबर शेजारी ठेवू. आणि माझ्या नळ्या तुम्ही धरायच्या. तुमच्या माणसांचा श्वास आमच्या लोकांच्या हातात होता ना? आता माझा तुमच्या हातात. कळतंय ना, केवढी मोठी गोष्ट आहे?"

"नळ्या दुसऱ्या कुणाला तरी धरायला द्या."

"नाही मावशी, तुम्हीच."

"माझे हात थरथरतात."

"थरथरू देत," त्या म्हणाल्या. "लोकांना दिसू देत."

मी कागद घेतला. आईसाठी घेतला. स्वतःसाठी असता तर तिथंच फाडून त्यांच्या चहात टाकला असता.

रविवारी चार वाजता दालन भरलं. ऐंशीएक माणसं, चांगल्या कपड्यांतली, हळू आवाजात बोलणारी. मला नवा काळा झगा घालायला दिला होता. साचेवाला, म्हणजे प्लास्टर कालवणारा माणूस, माझ्या कानाशी म्हणाला, "मावशी, सोपं आहे. नळ्या सरळ धरा, बस. मॅडम मेल्या तर माझे पैसे बुडतील."

मॅडम टेबलावर आडव्या झाल्या. त्यांनी भाषण आधीच उरकलं होतं. त्यात त्यांनी मला 'साक्षीदार' म्हटलं. तेल लावलं, नळ्या घातल्या. साचेवाला मूठ-मूठ प्लास्टर थापत गेला. आधी कपाळ, मग डोळे, मग तोंड. शेवटी त्या पांढऱ्या गोळ्यातून दोन नळ्या तेवढ्या वर राहिल्या, आणि त्या माझ्या डाव्या हातात. माझ्या बोटांवर श्वास यायचा. गरम. जायचा. यायचा.

सतरा नंबरची पेटी हातभर अंतरावर होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. काचेवरचा डाग मॅडमच्या श्वासाबरोबर चालत होता. नळीतून हवा आली की काच धुरकट, थांबली की स्वच्छ. धुरकट… स्वच्छ… धुरकट…

मग काच स्वच्छ झाली आणि स्वच्छच राहिली. नळ्यांत मात्र श्वास चालूच होता.

आता गाळलेली गोष्ट सांगते. ताई मला रोज सकाळी नाक दाबून उठवायची. मी धडपडून उठले की खो खो हसायची. त्या दिवशी ती बाकावर आडवी, डोळे बंद, तोंड बंद, आणि दोन नळ्या माझ्या नाकासमोर. मी दोन बोटं ठेवली. फिटंफाट. ती पाय झाडायला लागली तेव्हा मला वाटलं, हसतेय. मी पण हसले. मापवाल्यानं वर बघितलं. त्यानं माझी बोटं बघितली. नीट बघितली. माझा हात झटकायला त्याला ताईचे पाय सोडावे लागले असते, आणि साचा तडकला असता. त्यानं पाय धरूनच ठेवले. त्याची ती नजर बघून मी इतकी भ्याले की बोटंही हलवली नाहीत. मेला तो हलकट माणूस कधीच. पण बोटं माझी होती, आणि ती अजून माझ्याच हाताला आहेत.

टेबलाशी माझा उजवा हात वर आला. मी उचलला की उचलला गेला, हे देवाशपथ मला सांगता येणार नाही. दोन बोटं नळ्यांवर बसली. बरोब्बर बसली, जशी सवय असावी. बोटांवरून कुणीतरी बोटं दाबून धरली होती… थंड, तेलकट, माझ्याहून लहान.

मॅडमचे पाय हलले. मग झाडायला लागले. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. कुणीतरी पुटपुटलं, "काय ताकद आहे या प्रसंगात…"

साचेवाल्यानं धावत येऊन मॅडमचे घोटे धरले. "मॅडम, हलू नका! साचा तडकेल!"

ते शब्द ऐकले आणि मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. उजवा हात सुटेना, म्हणून डाव्यानं हनुवटीखालून प्लास्टरमध्ये नखं खुपसली आणि ओढलं. नख उपटलं. साचा मधोमध तडकला, नळ्या निघून आल्या. मॅडमनी जो श्वास घेतला त्याचा आवाज म्हशीच्या रेकण्यासारखा झाला. त्यांचे ओठ निळे पडले होते.

मग ऐंशी माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

मॅडमनी माझं मनगट पकडलं. केसांत प्लास्टर, डोळे लाल. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तू मला मारत होतीस."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टाळ्यांकडे बघितलं. मग त्या उठल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या, आणि माइक मागून घेतला. "मित्रांनो," त्या धापा टाकत म्हणाल्या, "हे असंच ठरलं होतं." टाळ्या आणखी वाढल्या. माइक बाजूला धरून त्या मला म्हणाल्या, "चेहरा उचल आणि चालती हो. पुन्हा दिसू नकोस."

मावशीची 'तू' व्हायला एक श्वास पुरला.

ताईला मी टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणलं. वाटेत एकदाही टॉवेल उघडला नाही. छातीशी धरलेलं ते ओझं गार होतं, फक्त एका ठिकाणी, रुपयाएवढ्या जागी, माझी चोळी ओलसर झाली.

आई खाटेवर बसली होती. मी चेहरा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं हात पुढे केले आणि एकदम लहान पोरीसारखा तिचा चेहरा झाला. कपाळ चाचपलं. भुवईची खाच लागली तशी म्हणाली, "ही बघ, तुझी पाटी. किती बदडलं होतं मी तुला." हसली. एकेचाळीस वर्षांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. गाल, ओठ, हनुवटी, सगळं हळूहळू, पुन्हा पुन्हा.

मी मोरीपाशी गेले. नखाचं रक्त धुवायचं होतं. पाणी सोडलं, दोन्ही हात पाण्याखाली धरले. खोलीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आई. मध्ये आठ पावलं.

आईचा हात नाकापाशी थांबलेला होता.

"धाकटे," ती म्हणाली. "बोट काढ ना गं."

"काय?"

"तिच्या नाकावरचं बोट. काढ आता. मला तिचं नाक लागू दे."

तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. नळाचं पाणी माझ्या दाही बोटांवरून पडत होतं. मी ती मोजली.

"काढलं, आई," मी म्हटलं.

तिनं पुन्हा चाचपलं. कपाळाला आठी पडली.

"कुठं काढलंस?" आई म्हणाली. "दाबतेयस की…"