खरं डोकं, खोटी शेपूट

मोरोक्कोतल्या एर्फूदच्या नव्या जीवाश्म-संग्रहालयात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि समोरचा दगड चाटला.

"अहो बाई! काय करताय?" रबातहून आलेला बद्र धावत आला. उद्याच्या प्रदर्शनाची सगळी मांडणी त्याचीच होती.

"पारखतेय. आमच्याकडे असंच पारखतात." ओल लागली की खरा जीवाश्म गडद होतो, लेप फिकाच राहतो.

"मग... चव कशी आहे?" त्याचे डोळे मिश्कील हसले.

मी हसले, पण दगडाकडे पाहिलं आणि हसू विरलं. त्या प्राचीन समुद्रकिड्याचं डोकं गडद झालं होतं, शेपूट मात्र फिकीच. तिच्यावरचे नाजूक काटे... तो हात मी कुठेही ओळखला असता. माझ्या बांचा!

तुटकं जोडून विकणं हा आमचा धंदाच. पण इथं पाटीवर लिहिलं होतं, 'संपूर्ण अस्सल'. बोलले तर बा लबाड ठरणार, गप्प बसले तर उद्या जाणकारांसमोर बद्रची फजिती. आणि हा वेडा माझ्यापुढे चहाचा पेला धरून उभा!

"शेपूट खोटी आहे," मी बोलून टाकलं. "माझ्या बांनी केलीय." आणि मला रडूच फुटलं.

त्यानं पेला खाली ठेवला आणि वाकून शेपूट निरखली. "सहा महिने रोज बघतोय... मला कळलं नाही!"

सकाळी तो थेट आमच्या कारखान्यात हजर. माझा जीव मुठीत.

"उस्ताद," तो बांना म्हणाला, "दालनात तुमची बैठक मांडतो. दगडातून किडा कसा काढतात, शेपूट कशी जोडतात, लोकांना दाखवाल? पाटीवर तुमचं नाव लिहीन."

बांनी दगड कोरायची सुई खाली ठेवली. "डोक्याखाली अल्लाहचं लिही पोरा. शेपटीखाली माझं चालेल."

दुपारी बांभोवती ही गर्दी! बद्र माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"माझी फजिती झाली असती, तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"मला... बघवलं नसतं."

त्याचे कान लाल झाले. "रबातहून परत बोलावणं आलंय. जाऊ?"

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की गर्दीच वळली.

"हळू गं," बा म्हणाले, "लोक दगड बघायला आलेत."

सगळे हसले. बद्रनं मुद्दाम पुन्हा विचारलं, आणि मीही पुन्हा सांगितलं.